मेंदूवरची टोपी आणि पालकांना घातली जाणारी टोपी

न्यूरोफीडबॅकच्या जाहिरातीचा साचा आता देशातल्या मोठ्या शहरांत ओळखीचा झाला आहे. लहान मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी, समोरच्या पडद्यावर उडणारे विमान, शेजारी लाल-निळ्या रंगांत रंगवलेला मेंदूचा नकाशा, आणि खाली आश्वासन: औषधाविना एकाग्रता, औषधाविना शांत झोप, औषधाविना नैराश्यातून मुक्ती. विकारांची यादी अवधानाच्या विकारापासून, म्हणजे एडीएचडीपासून सुरू होते. पुढे स्वमग्नता, चिंता, निद्रानाश, आघातानंतरचा तणाव, व्यसन अशी वाढत वाढत ती थेट परीक्षेतील गुणांपर्यंत पोहोचते. तीस-चाळीस सत्रांचे पॅकेज एकदम विकले जाते.

इतके परस्परभिन्न विकार एकाच यंत्राने बरे होतात असे कोणी सांगू लागला, की पहिली शंका तिथेच यायला हवी. ती येत नाही, कारण समोर यंत्र असते, आलेख असतो, आकडे असतात. अंगारा देणाऱ्या बुवाला उलट प्रश्न विचारणारा सुशिक्षित पालकही ईईजीच्या आलेखापुढे गप्प बसतो. म्हणूनच या व्यवसायाची तपासणी त्याच्याच हत्यारांनी, म्हणजे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि वैद्यकीय चाचण्या यांच्या आधारे करायला हवी. ती केली की जे हाती लागते ते थोडक्यात असे: मेंदूचे तरंग मोजता येतात हे खरे, परंतु मोजता येणे म्हणजे बरे करता येणे नव्हे. आणि ज्या एका विकारासाठी न्यूरोफीडबॅकची सर्वांत कसून परीक्षा झाली, नेमके तिथेच ते अनुत्तीर्ण झाले आहे.

तरंग खरे आहेत

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्‌-स्पंदनांची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा वेळा होणारी लयबद्ध स्पंदने उमटतात आणि डोळे उघडताच ती मंदावतात, हे त्याने दाखवले. आज त्यांना अल्फा तरंग म्हणतात. अपस्माराचे निदान, झोपेचा अभ्यास, भुलीच्या खोलीची तपासणी अशा अनेक ठिकाणी ईईजी अपरिहार्य आहे. त्याच्या वैज्ञानिक प्रतिष्ठेबद्दल वाद नाही.

न्यूरोफीडबॅकचा उगमही प्रयोगशाळेतच झाला. १९६०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एका विशिष्ट तरंगासाठी, साधारण १२ ते १५ हर्ट्झच्या लयीसाठी, खाऊ देऊन शिकवले. पुढे रॉकेटच्या इंधनातील एका विषारी रसायनाचा परिणाम तपासताना असे दिसले, की आधी शिकवलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. १९७२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्णावरील निरीक्षण प्रसिद्ध झाले. १९७६ मध्ये जोएल लुबार यांनी हीच पद्धत अतिचंचल मुलाकडे वळवली. कल्पना कुतूहलजनक होती आणि तपासून पाहण्याजोगी होती, यात शंका नाही. परंतु मांजरावरील निरीक्षण आणि एकेका रुग्णाची कथा हा संशोधनाचा प्रारंभ असतो. या क्षेत्रात प्रारंभालाच निष्कर्ष मानले गेले आणि कसून चाचण्या होण्याच्या कितीतरी आधी दुकाने उघडली गेली.

पडद्यावर नेमके काय दिसते

कवटीवर मिळणारा विद्युत्‌-संकेत काही दशक मायक्रोव्होल्ट इतका, म्हणजे एका व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपासचा असतो. लाखो चेतापेशी एकाच लयीत काम करू लागल्या तरच तो बाहेर उमटतो, आणि मेंदूभोवतीचा द्रव, कवटीचे हाड व त्वचा यांतून येताना तो पसरट होतो. त्याच त्वचेखाली कपाळाचे, जबड्याचे आणि मानेचे स्नायू असतात. दात आवळले की त्यांतून येणारा संकेत मेंदूच्या संकेताला सहज झाकून टाकतो. स्नायूंचा हा गोंगाट बीटा पट्ट्यात, म्हणजे १३ ते ३० हर्ट्झमध्येही पसरतो. उलट डोळ्यांची उघडझाप आणि बुबुळांची हालचाल आलेखाच्या मंद भागात घुसते. त्यामुळे पडद्यावर थीटा घटला आणि बीटा वाढला असे दिसले, तर त्याचा अर्थ मुलाचे अवधान सुधारले असा होऊ शकतो. तसाच मुलाने डोळे स्थिर ठेवून कपाळाला आठ्या घातल्या, असाही होऊ शकतो. विमान दोन्ही वेळा सारखेच उडते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. वाहकाच्या पृष्ठभागावरील विद्युत्‌-विभव माहीत असले, तरी आतील विद्युत्‌-स्रोतांची मांडणी त्यावरून एकमेव रीतीने ठरवता येत नाही, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवले होते. आतल्या असंख्य वेगवेगळ्या मांडण्या बाहेर एकच चित्र उमटवू शकतात. संशोधक आणखी काही गृहीतके धरून त्यांतील संभाव्य मांडणी निवडतात आणि ती गृहीतके शोधनिबंधात नोंदवतात. केंद्रातला रंगीत नकाशा त्या गृहीतकांबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘मुलाचा हा भाग मंद चालतो आहे’ असे बोट ठेवून सांगितले जाते, तेव्हा बोटाखालचा रंग हा संगणकाने केलेला अंदाज असतो. मेंदूचे छायाचित्र नसते.

तिसरी अडचण निव्वळ अंकगणिताची आहे, आणि विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने ती कागदावर करून पाहावी. प्रचलित टोपीत १९ इलेक्ट्रोड असतात. तरंगांचे पाच पट्टे धरले तर प्रत्येक व्यक्तीचे ९५ आकडे होतात. हे आकडे ‘सर्वसामान्य’ लोकांच्या माहितीसंचाशी ताडून पाहिले जातात आणि सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपेक्षा दूर असलेला आकडा लाल किंवा निळा रंगवला जातो. सामान्य वितरणात सुमारे ४.६ टक्के मूल्ये या मर्यादेबाहेर असतातच. म्हणजे पूर्णपणे निरोगी माणसाच्याही ९५ आकड्यांपैकी सरासरी चार ‘बिघडलेले’ निघणार. इलेक्ट्रोडच्या जोड्यांमधील सुसंगती मोजली तर जोड्या होतात १७१ आणि पाच पट्ट्यांचे आकडे होतात ८५५. त्यांतील सरासरी ३९ आकडे निरोगी माणसातही रंगीत होतील. हे आकडे एकमेकांशी निगडित असतात हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्यामुळे अपेक्षित सरासरी बदलत नाही. तात्पर्य, या टोपीखाली जो जाईल त्याच्या मेंदूत काहीतरी दोष निघेल. ज्या चाचणीतून कोणीच निर्दोष बाहेर पडत नाही, ती चाचणी निदान करत नाही, ग्राहक तयार करते.

थीटा आणि बीटा यांच्या गुणोत्तरावरून एडीएचडी ओळखता येते, या दाव्याचीही वेगळी तपासणी झाली आहे. हे गुणोत्तर नेहमीच्या वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही, असा सल्ला अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ मध्ये दिला. तरीही भारतातील जाहिरातींत ‘मेंदूच्या नकाशावरून अचूक निदान’ हे शब्द दिसतात.

आंधळी चाचणी म्हणजे काय आणि ती का हवी

उपचारानंतर रुग्ण सुधारला एवढ्यावरून उपचाराने सुधारणा झाली हे सिद्ध होत नाही. पालक मुलाला केंद्रात आणतात ते बहुधा परिस्थिती सर्वांत बिघडलेली असताना. अशा टोकाच्या अवस्थेतून बरीच मुले काही काळाने आपोआप सरासरीकडे सरकतात. शिवाय मूल वयाने वाढते. आठवड्यातून दोन-तीनदा कोणीतरी प्रेमाने वागणारा प्रशिक्षक त्याच्यासमोर तासभर बसतो, त्याचे कौतुक करतो. आई किंवा वडील कामातून वेळ काढून त्याला घेऊन येतात. पैसे भरलेले असल्यामुळे सुधारणा शोधण्याची नजरही तयार होते. या साऱ्याचा परिणाम खरा असतो. फक्त त्यात मेंदूच्या तरंगांचा वाटा किती, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याचे उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच. काही मुलांना त्यांच्या स्वतःच्या तरंगांवर चालणारा खेळ द्यायचा आणि काहींना हुबेहूब तसाच दिसणारा, पण त्यांच्या तरंगांशी संबंध नसलेला खेळ द्यायचा. कोणाला काय मिळाले हे मुलाला, पालकांना, शिक्षकांना आणि प्रशिक्षकालाही कळू द्यायचे नाही.

अशी चाचणी अमेरिकेत दोन ठिकाणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ७ ते १० वयोगटातील, एडीएचडीचे काटेकोर निदान झालेली आणि थीटा-बीटा गुणोत्तर वाढलेली १४४ मुले तिच्यात होती. म्हणजे न्यूरोफीडबॅकला सर्वांत अनुकूल ठरतील अशीच मुले निवडली गेली होती. सत्रांची संख्या ३८ पर्यंत होती. तुलनागटातील मुलांना आधी नोंदवून ठेवलेल्या ईईजीवर चालणारा खेळ देण्यात आला, आणि त्यावर त्या मुलाच्या स्वतःच्या हालचालींचा गोंगाट चढवण्यात आला, जेणेकरून कोणाला संशय येऊ नये. निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा झाली आणि दोन्ही गटांत ती जवळजवळ सारखीच होती. तेरा महिन्यांनंतरही मुख्य मोजमापात फरक आढळला नाही. न्यूरोफीडबॅकच्या गटात नंतर औषधांची गरज काहीशी कमी दिसली, आणि समर्थक तेवढाच धागा पकडून बसतात. परंतु मुख्य प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यावर अनेक दुय्यम मोजमापांतून एक अनुकूल आकडा उचलणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढणे होय.

ही एकच चाचणी अपवादात्मक नव्हती. १३ यदृच्छ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये झाले. कोणता उपचार चालू आहे हे माहीत असणाऱ्या पालकांच्या नोंदींत फायदा दिसला. ज्यांना ते बहुधा माहीत नव्हते अशांच्या नोंदींत तो विरून गेला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात ३८ यदृच्छ चाचण्यांचे आणि सुमारे अडीच हजार सहभागींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. उपचाराची माहिती नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदींनुसार एडीएचडीच्या लक्षणांवरील एकत्रित परिणाम शून्याच्या इतका जवळ होता की त्याला अर्थ देता येत नाही. माहितीवर प्रक्रिया करण्याच्या वेगात किंचित सुधारणा मात्र दिसली. निद्रानाशाबाबत ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथील संशोधकांनी २०१७ मध्ये अशीच दुहेरी आंधळी तुलना केली. तिथेही खरे सत्र बनावट सत्रापेक्षा सरस ठरले नाही.

चाचणी जितकी काटेकोर, परिणाम तितका लहान. खऱ्या उपचाराचे वर्तन असे नसते. मोजमाप सुधारले की खरा संकेत अधिक स्पष्ट होतो आणि खोटा विरतो, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते.

नेहमीचे बचाव

पहिला बचाव असा: ‘प्लासिबो का असेना, मुलाला बरे वाटले ना?’ प्लासिबोच विकायचा असेल तर त्याला लाखमोलाचे यंत्र, रंगीत नकाशा आणि चाळीस सत्रांचे शुल्क कशाला? मुलाजवळ तासभर शांतपणे बसणे, त्याच्या लहान यशाचे कौतुक करणे, दिवसाला ठरावीक आखणी देणे हे पालक घरी करू शकतात, आणि पालकांना त्याचे रीतसर प्रशिक्षण देणाऱ्या पद्धती मानसशास्त्रात आहेत. शिवाय प्लासिबो विकणाऱ्याने ‘हा प्लासिबो आहे’ असे सांगितलेले नसते. ‘तुमच्या मुलाच्या मेंदूची घडण बदलेल’ असे सांगितलेले असते. यातील दुसरे वाक्य असत्य आहे.

दुसरा बचाव: ‘दुष्परिणाम तर नाहीत.’ रसायनाचे नसतील. पण वेळेचे आहेत. एडीएचडीसाठी मिथिलफेनिडेटसारख्या औषधाचा आणि पालक-प्रशिक्षणाचा पुरावा उपलब्ध आहे. जुनाट निद्रानाशासाठी बोधात्मक वर्तनोपचार हा पहिला उपाय असावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे नेणारा वर्तनोपचार आहे. केंद्रात घालवलेला प्रत्येक महिना हा या उपायांविना गेलेला महिना असतो. गंभीर नैराश्याच्या रुग्णाच्या बाबतीत असा उशीर जिवावर बेतू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतील १३,०४४ विद्यार्थी होते. या मृत्यूंचे खापर कोणत्याही यंत्रावर फोडता येणार नाही. पण ज्या देशात उपचारातील विलंबाची किंमत इतकी मोठी आहे, तिथे विलंब विकणे निरुपद्रवी मानता येत नाही. ‘औषधाविना’ हा शब्द अपस्मार किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्या रुग्णाने मनावर घेऊन गोळ्या बंद केल्या, तर परिणाम अधिकच गंभीर होतात.

तिसरा बचाव: ‘उपचार व्यक्तिनिष्ठ आहे, चाचणीत बसत नाही.’ व्यक्तिनिष्ठ उपचारही चाचणीत बसतो. प्रत्येकाला त्याच्या नकाशानुसार सत्रे द्यावीत आणि तुलनागटाला दुसऱ्याच्या नकाशानुसार. फरक पडत नसेल, तर नकाशाचा उपयोग नव्हता एवढेच सिद्ध होईल. चाचणी नाकारणाऱ्याला ही भीती आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

चौथा बचाव: ‘हे औषध कंपन्यांचे कारस्थान.’ औषध कंपन्यांनी प्रतिकूल निष्कर्ष दडवल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांच्यावर टीका झालीच पाहिजे. परंतु एकाचा दोष हा दुसऱ्याचा पुरावा होत नाही. औषधाला जी कसोटी लावायची, तीच यंत्रालाही लावायची, एवढीच मागणी आहे.

खेळांतून मेंदूचा व्यायाम

मोबाइलवरील ‘ब्रेन ट्रेनिंग’ हे याच व्यवसायाचे स्वस्त रूप. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ११,४३० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे खेळून लोक त्या खेळांत तरबेज झाले. परंतु त्या कौशल्याचा लाभ इतर, अगदी जवळच्या वाटणाऱ्या कामांतही झाला नाही. ‘लुमोसिटी’ विकणाऱ्या लुमोस लॅब्स या कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवलेले फसव्या जाहिरातींचे आरोप मिटवण्यासाठी २० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एडीएचडी आणि आघातानंतरचा तणाव यांमुळे येणाऱ्या बौद्धिक अडचणी खेळाने कमी होतात, असे दावेही त्या जाहिरातींत होते.

जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडीग्रस्त मुलांसाठी ‘एंडेव्हर-आरएक्स’ या व्हिडिओ गेमला परवानगी दिली, तेव्हा ती बातमी भारतातही गाजली. तिचा आधार असलेल्या ३४८ मुलांच्या चाचणीत संगणकावरील अवधान-चाचणीचे गुण सुधारले. मात्र पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत तुलनागटापेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. संगणकासमोरचे अवधान संगणकासमोरच राहिले; वर्गात आणि घरात ते पोहोचल्याचे दिसले नाही.

भारतातील मोकळे रान

हा बाजार भारतात का फोफावतो, याचे उत्तर पालकांच्या भाबडेपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापासून वंचित असल्याचे आढळले. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण सुमारे ०.७५ इतके आहे. किमान तीन असावेत असे मानले जाते. त्यात मानसिक आजाराचा कलंक. मनोविकारतज्ज्ञाच्या दारात जाताना नातेवाईक पाहतील याची भीती वाटते. ‘ब्रेन सेंटर’मध्ये जाताना अभिमान वाटतो. ‘मनाचा आजार’ या शब्दांऐवजी ‘मेंदूचे प्रशिक्षण’ हे शब्द विकत घेतले जातात. ही गरज खरी आहे, आणि म्हणूनच तिचा गैरफायदा घेणे अधिक निंद्य आहे.

मेंदूच्या तरंगांवर अवाजवी विश्वास ठेवल्याने काय होते, याचा अनुभव देशाने एकदा घेतलाही आहे. ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ नावाच्या ईईजी-चाचणीतून आरोपीला गुन्ह्याची ‘अनुभवजन्य माहिती’ आहे का ते कळते, असा दावा होता. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेऊन जन्मठेप सुनावली गेली. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीविना अशा चाचण्या करण्यास मनाई केली. आरोपीच्या डोक्यावरील टोपीला जी कसोटी लावली, ती मुलाच्या डोक्यावरील टोपीला लावायला नको काय?

कायद्यांची वाण नाही. १९५४च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांत मेंदूचे विकार आणि अपस्मार आहेत. २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करणारे केंद्रीय प्राधिकरण आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. यंत्र चालवण्याचे प्रमाणपत्र म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचार करू नयेत, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे नियामकाला बोलता येते. न्यूरोफीडबॅकबद्दलही तसेच स्पष्ट मार्गदर्शन यायला हवे: नोंदणीकृत चाचणीच्या बाहेर, शुल्क घेऊन, आजार बरा करण्याचा दावा करता येणार नाही. संशोधनाला यामुळे बाधा येत नाही. निम्हान्समध्ये मेंदूच्या इजेनंतरच्या न्यूरोफीडबॅकवर अभ्यास झाले आहेत आणि पुढेही व्हावेत. मात्र संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून पॅकेजचे पैसे घेतले जात नाहीत.

यंत्राविना, पण पुराव्यासह

पर्याय नाही म्हणून लोक टोपीकडे वळतात, हा युक्तिवादही अपुरा आहे. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णाला सहा ते आठ भेटींत दैनंदिन कृतींकडे परत आणण्याची साधी पद्धत वापरली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या पद्धतीला ना टोपी लागते, ना नकाशा. तिचे प्रसारमूल्य कमी असेल. परंतु तिने परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. सार्वजनिक पैसा आणि विद्यार्थ्यांची प्रतिभा अशा कामाकडे वळायला हवी.

तोवर पालकांनी आणि रुग्णांनी केंद्रात पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. या विकारासाठी, बनावट सत्राशी तुलना करणारी दुहेरी आंधळी चाचणी झाली आहे का आणि तिचा निष्कर्ष काय? निदान कोणी केले, त्याची नोंदणी कोठे आहे? निरोगी माणसाच्या नकाशात किती रंग दिसतात? किती सत्रांनंतर फायदा न झाल्यास उपचार थांबवून उरलेले पैसे परत मिळतील? आणि सध्याची औषधे थांबवायला सांगितली जात असतील, तर तो सल्ला मूळ डॉक्टरांशी बोलून दिलेला आहे का? उत्तराऐवजी एखाद्या मुलाच्या यशाची चित्रफीत दाखवली गेली, तर तेच उत्तर समजावे.

ज्यांना तातडीने बोलण्याची गरज आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिथे मेंदूचा नकाशा मिळत नाही. प्रशिक्षित माणूस मिळतो.

आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर एक वेगळी जबाबदारी आहे. घरातले, शेजारचे, ओळखीचे लोक अशा जाहिराती घेऊन त्यांच्याकडेच येतात: ‘तू सायन्सचा आहेस, हे खरे आहे का रे?’ त्या वेळी ‘करून बघायला काय हरकत आहे’ असे म्हणणे सोपे असते. ९५ आकड्यांचे गणित कागदावर मांडून दाखवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे द्यावीत.